पाव्हण्याचा वाटा

सोलापूर

मी कोकणातला माणूस. झाड नाही तिथे काही नाही, असं मानणाऱ्यांपैकी. चिपळूणजवळ माझी कलमांची रोपवाटिका आहे, आणि ऐन जानेवारीत ती सोडून मी सोलापूरला निघालो तेव्हा घरात प्रश्न आलाच, "तिकडे काय ठेवलंय?" लांडगा बघायला चाललोय, असं मी सांगितलं. "त्यासाठी एवढं लांब कशाला?" असं म्हणून बायकोने माझ्या धाकट्या भावाच्या घराकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेचा अर्थ इथे लिहीत नाही. भाऊही हे वाचणार आहे.

बोलावणं वैशाली कांबळेचं होतं. ही गुरांची डॉक्टर. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यात होती. आमची अडलेली गाय तिने कोपरापर्यंत हात घालून सोडवली आणि मग हात धुऊन ओटीवर बसून घावणे खाल्ले, तेव्हापासूनचा घरोबा. पुढे तिची बदली तिच्या गावाकडे, सोलापूरला झाली. आता नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी ती माळावर जाते आणि मेंढपाळांच्या कुत्र्यांना लस टोचते. हे ती फोनवर सांगत होती तेव्हा मी विचारलं, "कुत्र्यांचं ठीक आहे, पण यात लांडगा कुठे आला?"

"तुम्ही या तर, काका. मग सांगते की."

तिचं घर अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आहे. आमच्याकडे झोपताना रातकिडे, इथे यंत्रमाग. टॉवेल आणि चादरी विणणारे ते माग अखंड खडखडत असतात आणि घरातली माणसं त्यात शांतपणे घोरतात. पहाटेच उठून बसलेल्या मला पाहून वैशालीची आई म्हणाली, "आमाला माग बंद पडल्यावर जाग येती बगा." न्याहरीला कडक भाकरी, दही आणि शेंगांची चटणी होती. आमच्याकडे चटणी म्हणजे ओल्या नारळाची, भाताएवढी घेतली तरी चालणारी. त्याच हिशेबाने मी घेतली. पुढचा काही वेळ मी कुणाशी बोलू शकलो नाही. वैशालीच्या आईने मात्र मुकाट्याने दही वाढलं. अशी पाहुणी माणसं तिने आधीही पाहिली असावीत.

माळ

बार्शीच्या रस्त्याने निघालो. कुठे थांबलो, त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लांडग्याची पिल्लं असलेल्या जागेचा पत्ता छापायचा नाही, असं वैशालीने मला दोनदा बजावलं आहे, आणि ती दोनदा बजावते तेव्हा ऐकलेलं बरं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळूची ज्वारी निसवून कणसांवर आली होती. एका ओळखीच्या शेतकऱ्याने आग्रहाने थांबवून हुरडा खायला घातला. गोवऱ्यांच्या आगीत भाजलेली कणसं तळहातावर चोळून द्यायची आणि समोरच्याने गरम असतानाच तोंडात टाकायची. तळहात त्यांचा, चटका त्यांना, चव आपल्याला. इतका एकतर्फी पाहुणचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पण "लांडगं बगाया आलाय? आन ही काळविटं न्या की जाताना, ज्वारी खात्यात," असंही त्याने ऐकवलं. काळवीट या भागात मारायची बंदी झाली, राखण झाली आणि ती पुन्हा वाढली. एकाचं वाढणं दुसऱ्याच्या पिकावरच होतं, ही गोष्ट त्याने हुरडा चोळता चोळता सांगितली.

मग शेतं संपली आणि गवत सुरू झालं. गुडघ्याइतकं, पिवळं, क्षितिजापर्यंत. मध्येच एखादी बाभळ किंवा हिवर, बाकी काही नाही. मी न राहवून म्हणालो, "केवढी ही पडीक जमीन! इथे करंज आणि कडुलिंब लावले तर पाच वर्षांत..."

वैशालीने गाडी थांबवली.

"काका, पडीक म्हणू नका. पडीक म्हणून म्हणूनच वाटोळं झालं या माळाचं."

नंतरचं व्याख्यान मी निमूट ऐकलं. पडीक म्हटलं की कुणीही येतो. एक जण नांगरतो, एक मुरूम काढतो, एक प्लॉट पाडतो, आणि ज्यांना काहीच सुचत नाही ते झाडं लावतात. झाडाखाली गवत मरतं. गवत गेलं की ससा जातो, काळवीट जातं, आणि लांडगा तर पार जातो. त्याला लांबवरचं दिसलं पाहिजे. जंगलात त्याचं काही काम नाही. हे सगळं ती एका रोपवाटिकावाल्याला सांगत होती. मला राग आला आणि तो गाडी सुरू झाल्यावरही थोडा वेळ राहिला.

वाटेत माळढोकाची मोठी पाटी लागली. पाटीवरचा पक्षी चांगला धष्टपुष्ट होता. खरा पक्षी इथे आता दिसला तर बातमी होते. "माझ्या आजीनं तो कितीदा पाहिला होता, खुरपताना," वैशाली म्हणाली. "मला पाटी दाखवायला आणलं शाळेनं. लांडग्याची पाटी अजून कुणी लावली नाही, तोवर काम आहे."

तिचं काम मला तेव्हा कळलं. लांडगा संपवायला आता बंदूक लागत नाही. मेंढराच्या मढ्यावर कुणी विष घालतं, ते अधूनमधून होतं. पण खरी धास्ती कुत्र्यांची. कुत्र्याचे रोग लांडग्याला होतात आणि त्याला टोचायला कुणी डॉक्टर नसतो. मागच्या हिवाळ्यात याच माळावरच्या जुन्या मुरमाच्या खाणीत एका लांडगीने पिल्लं घातली होती. काही दिवसांत ती सगळी मेली. वैशालीने दोन मेलेली पिल्लं स्वतः उचलली होती. तपासणीला पोचेपर्यंत नमुने खराब झाले, त्यामुळे रोग कुठला ते कधी कळलं नाही. लांडगी काही दिवस खाणीभोवती एकटी दिसली आणि मग तीही दिसेनाशी झाली. वर्षभर माळ रिकामा होता. यंदा एक जोडी पुन्हा आली होती, त्याच खाणीत, आणि पिल्लं झाली होती.

"यंदा जगली पाहिजेत," एवढंच ती म्हणाली. पण ते ऐकल्यावर मला माझा राग आवरता आला.

मायाक्काचा तळ

मायाक्का आणि तिचा नवरा बिराप्पा यांचा तळ माळाला लागून, तूर निघालेल्या एका रानात पडला होता. दिवसा मेंढरं माळावर चरायची आणि बाकीचा वेळ या रानात बसायची. लेंड्यांचं खत शेताला, त्या बदल्यात धान्य मेंढपाळाला, हा इथला जुना रिवाज. जाळीचं कुंपण, दोन घोडी, डालग्याखालच्या कोंबड्या, तीन कुत्री. एवढा संसार.

"या पाव्हणं, बसा," म्हणून बिराप्पाने घोंगडं अंथरलं. मायाक्काने शेळीच्या दुधाचा चहा दिला. त्याचा वास पहिल्या घोटाला आवडत नाही आणि तिसऱ्या घोटाला कळेनासा होतो. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग बिराप्पा सहज म्हणाला, "पाव्हण्यानं परवा कोकरू न्हेलं."

मी घोंगड्यावरचे पाय आवरून घेतले. "न विचारता?"

"इचारतंय कशाला? आलं, उचाललं, गेलं."

"मग तुम्ही तक्रार नाही केलीत?"

"पाव्हण्याची काय तकरार करायची?" मायाक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "लई दिसानं आलं व्हतं."

मला वाटलं, जावई असावा. देशावर जावयाचे लाड करतात हे ऐकून होतो, पण कोकरू उचलून नेण्यापर्यंत मजल जाते हे ठाऊक नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं. वैशालीला हसू आवरेना. "काका, लांडगा. माळावर त्याचं नाव घेत नाहीत. पाव्हणं म्हणतात."

आमच्याकडेही सापाला जनावर म्हणतात, साप म्हणत नाहीत, तेव्हा हे समजायला जड गेलं नाही. पण एक शंका राहिली. "मग मलाही पाव्हणंच म्हणताय?"

"तुमी बी खाऊनच जानार न्हवं?" मायाक्का म्हणाली.

जेवायला भाकरी आणि हुलग्याचं, म्हणजे आमच्या कुळथाचं, पातळ माडगं होतं, आणि मी दोनदा मागून घेतलं.

जेवताना तिने वाट्याची गोष्ट सांगितली. तळ उठतो तेव्हा जे मेंढरू चालू शकत नाही, ते कापायचं नाही, विकायचं नाही. तो पाव्हण्याचा वाटा. "हळद लावायची, बाभळीखाली ठिवायचं, पाया पडायचं आन मागं बगायचं न्हाय. मग ते कळपाला हात लावत न्हाय."

"लावतंय की," बिराप्पा म्हणाला. "पर कमी लावतंय."

माझ्या मनात आलं, आम्ही आंब्याच्या पहिल्या फळाचा वाटा देवापुढे ठेवतो आणि तो आम्हीच प्रसाद म्हणून खातो. यांचा वाटा खरोखर कुणीतरी खातं.

खाण

रात्र तळावरच काढली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही एका उंचवट्यावर पालथे पडून होतो. गवतावर दव होतं आणि माझा सदरा पोटाशी ओला झाला होता. समोर, बऱ्याच अंतरावर, मुरमाची ती जुनी खाण. बराच वेळ काही झालं नाही. मग वैशालीने माझ्या हातातली दुर्बीण थोडी डावीकडे वळवली.

तो आधीपासून तिथे होता. गवताच्याच रंगाचा, लांब पायांचा, मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. गोष्टीतला लांडगा मी बराच थोराड समजत होतो. हा तर कुणा गरिबाघरचा, राबणारा वाटला. त्याने मान वळवून आमच्या दिशेला पाहिलं. घाबरला नाही, रागावला नाही, आम्ही कोण ते त्याला कळलं आणि त्याने ते सोडून दिलं. मग खाणीच्या कडेला मादी आली आणि तिच्या पायांतून पिल्लं बाहेर पडली. मांजराएवढी, काळपट तपकिरी. एक दुसऱ्याच्या अंगावर पडलं, दोघं मुरमावरून घसरली, आई तिथेच बसून राहिली.

मला फार आनंद झाला. या वयात असा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. आणि त्याच्या पाठोपाठ धसका बसला, की एवढा मोठा माळ आणि त्यावर हे एवढंच आहे.

हौश्या

परत तळावर आलो. वैशालीने लशींचा डबा उघडला. दोन कुत्र्यांना टोचून झालं आणि तिने तिसऱ्याला हाक मारली. त्याचं नाव हौश्या. तो घोड्याच्या खोगिरामागे पडून होता. उठला नाही. डोळ्यांच्या कडा चिकटल्या होत्या, नाक वाहत होतं आणि जबडा आपोआप चावल्यासारखा हलत होता.

"कधीपासून असं?"

"चार-पाच रोज झालं," मायाक्का म्हणाली. "ह्यो तुमच्या सुईचा न्हाय, बाई. मागलं कुत्रं गेलं, त्येच्या जागी आनला ह्येला."

"मागलं कशानं गेलं?"

"आसंच की. दात वाजवायचं, पाय झाडायचं."

वैशालीने हातमोजे घातले. "अक्का, त्याला कुठं पुरलं तुम्ही?"

मायाक्काला हा प्रश्नच विचित्र वाटला. "पुरू कशाला? चाकरी केली त्येनं जलमभर. त्येला वाट्याला ठिवला. हळद लावून, त्या तितं." तिने हात केला. खाणीच्या उताराखाली एक बाभळ होती. "दुसऱ्या दिशी न्हवता. घेतला त्येंनी. मला बरं वाटलं. पर तवापासनं पाव्हणं आलंच न्हाईत सालभर. मी ह्यास्नी म्हनलं, कुत्रं दिलं म्हनून रुसलं. मेंढरू द्याला पायजे हुतं. मीच चिकटपना केला."

वर्षभर ही बाई मनात हे धरून होती, की आपल्या कंजूषपणावर लांडगा रागावला. वैशालीने मान वर केली नाही. ती काय विचार करते आहे ते मला दिसत होतं, आणि तिने ते बोलू नये असं मला मनापासून वाटत होतं.

ती फक्त हौश्याबद्दल बोलली. हा वाचणार नाही. फार हाल होतील, त्यापेक्षा इंजेक्शन देऊन सोडवते. पण याला वाट्याला ठेवायचं नाही, खोल पुरायचं.

"का?"

"हा रोग कुत्र्याकडून त्यांना लागतो, अक्का. पिल्लांना तर लगेच."

मायाक्काचा हात हौश्याच्या मानेवर होता, तो तिथेच थांबला. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. बिराप्पाला अजून काही उमगलं नव्हतं, तो तंबाखू मळत होता.

"म्हंजी गेल्या साली..." ती म्हणाली.

"नक्की सांगता येत नाही," वैशाली घाईने म्हणाली. "तपासणी झालीच नाही. गावातली कुत्री येतात माळावर, त्यांच्याकडूनही गेला असेल. दुसराही रोग असेल. खरंच नक्की नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"तुमाला नक्की लागतंय, बाई," मायाक्का म्हणाली. "मला न्हाय लागत."

तिने स्वतः हौश्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुई गेल्यावर जबड्याचं ते हलणं थांबलं, आणि तिने त्याच्या डोळ्यांच्या कडा पदराने पुसल्या. वैशाली नको नको म्हणत होती, पण तिने ऐकलं नाही. खड्डा बिराप्पाने आणि मी आलटून पालटून खणला. मी आयुष्यभर खड्डेच खणले आहेत, झाडांसाठी. माळाखाली मुरूम किती कठीण असतो हे तेव्हा कळलं. पहार झणझणून मनगटात येते. मायाक्काने हळद लावली, आम्ही माती लोटली, वर दगड रचले आणि त्यावर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या.

मग वैशालीने राहिलेलं सांगितलं. दोन्ही कुत्र्यांना लस पुन्हा दिली आहे, पण मागच्या लशीचा जोर उतरलाय आणि ही लगेच लागू पडत नाही. ती हौश्याबरोबर एका भांड्यात जेवत होती. रोग आधीच शिरला असेल तर आज कळणार नाही. काही आठवडे ती लांडग्याच्या जवळ जायला नकोत. बांधून ठेवता येतील का?

"बांदल्यालं कुत्रं काय कामाचं?" बिराप्पा म्हणाला. "पाव्हणं कळपावर आलं की तीच धावनार. तोंडाला तोंड लागनार."

"मग आपून उठायचं," मायाक्का म्हणाली.

बिराप्पाने माळाकडे हात केला. शिमग्यापर्यंत पुरेल एवढं गवत समोर उभं होतं. शेतकऱ्याला शब्द दिला होता. "ह्ये सोडून कुटं जायाचं? जेऊरकडं समदा ऊस. तितं मेंढरं कोन शिरू देतंय? गाभन मेंढ्या हायत, वाटंत मरतील."

"मरतील चार."

"आगं पर बाई म्हनत्यात, नक्की न्हाय."

"त्येनं परवा कोकरू न्हेलं. चटक लागलीया. ते हिकडं येनार. त्येला कसं सांगू, येऊ नगं म्हनून? आपूनच जायाला पायजे."

बिराप्पा उठून घोड्यांकडे गेला आणि बराच वेळ एकाच घोड्याला खरारा करत राहिला. वैशाली म्हणाली, आपण शेतकऱ्याशी बोलू, सावलीची एखादी बंदिस्त जागा बघू, कुत्री माझ्याकडे ठेवते. कुत्र्यांवाचून कळप कसा राखायचा, असं मायाक्काने विचारलं.

निघताना

दुसऱ्या सकाळी तळ उठला. जाळी गुंडाळली, डालगं घोड्यावर चढलं. एक कोकरू लंगडत होतं, ते हातात घेऊन बिराप्पा उभा राहिला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. रिवाजाने ते बाभळीखाली ठेवायचं. वैशाली म्हणाली, कोकराने रोग जात नाही, ठेवलंत तरी चालेल. मायाक्काने ते त्याच्या हातातून घेतलं आणि घोड्यावरच्या गाठोड्यात, कोंबड्यांशेजारी बसवलं. "नगं," ती म्हणाली. "खायाला मिळालं की मागनं येत्यात."

कळप हलला. पुढे घोडी, मागे मेंढरं, दोन्ही कुत्री बिराप्पाच्या दोरीला. कुत्र्यांना दोरीची सवय नव्हती, ती सारखी पायांत येत होती. बिराप्पाने माझा हात हातात घेतला आणि कोकणात लोक मेंढरं का पाळत नाहीत, असं विचारलं. पावसात टिकत नाहीत, असं मी सांगितलं. "मग तिकडं बी न्हाय," तो म्हणाला.

"येतो, बाई," मायाक्का वैशालीला म्हणाली.

"या, अक्का."

मग ती खाणीच्या दिशेला वळली. तिथे काही दिसत नव्हतं, नुसतं गवत आणि उन्हात पांढरा पडलेला मुरूम. तिने हात जोडले आणि लांबवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जातो आमी. मागं येऊ नगा."

बिराप्पा चालता चालता थबकला. "आगं, जातो म्हनत्यात व्हय?"

"न्हाय म्हनत," ती म्हणाली, आणि त्याला ओलांडून पुढे चालू लागली.